झरमॅटच्या निळ्या पट्ट्याच्या वाटा: सह्याद्रीत मुरलेल्यांना गाइड कशाला?

घळीतला भटक्या

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघे स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला जातोय. ट्रेकच्या ग्रुपवर बेत टाकला आणि लगेच जप सुरू झाला, 'गाइड घ्या, गाइड घ्या'. हीच मंडळी बेलपाड्यातून वाटाड्या न घेता नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढल्याच्या फुशारक्या मारतात!

ज्यांना तिथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वित्झर्लंडमध्ये वाटांचे रंग ठरलेले आहेत. पिवळी म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अल्पाइन वाट. शिवाय स्विस अल्पाइन क्लबची टी १ ते टी ६ अशी श्रेणी आहे, निळ्या पट्ट्याच्या वाटा टी ४ पासून पुढच्या. टी ४ म्हणजे मधूनमधून हात टेकावे लागतात, घसारा म्हणजे सुट्या दगडमातीचा सरकता उतार असतो, उभे गवताळ उतार असतात, एका बाजूला दरी असते. हे वाचून मला तर ढाक बहिरीची कड्यातली वाटच आठवली. वर तिथे दगडादगडावर रंगाच्या खुणा! आपल्याकडे ढोरवाटांच्या जाळ्यात खरी वाट शोधण्यातच निम्मा दिवस जातो.

हिमनदीवर गाइड हवाच, त्यात वाद नाही. पण खडकातल्या वाटांवर, टी ५ पर्यंत, सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाला तो लागू नये असं माझं मत आहे. आमच्या यादीत मेटेलहॉर्न (३४०६ मी.), ओबररोटहॉर्न (३४१४ मी.) ही दोन शिखरं आणि मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याची, मुक्कामाची हर्नली हट (३२६० मी.) आहे. पटत नसेल तर कारणं द्या. 'जपून जा रे बाबांनो' नको.

कातळकडा

शंभर टक्के सहमत. लिंगाण्याच्या कातळटप्प्यांवर किंवा अलंग-मदनला दोर लावून ज्याने हात साफ केलेत, त्याला हे स्विस लोक काय दरी दाखवणार? गाइडचे दर बघितलेत का? मॅटरहॉर्नसाठी एका गाइडमागे एकच माणूस आणि त्याचे हजार फ्रँकहून बरेच जास्त. तेवढ्यात आपल्याकडे एका हिमालयीन मोहिमेचा खर्च निघतो.

झ्युरिककर

भटक्याभाऊ, कारणं मागितलीत म्हणून देतो. मी इथेच राहतो आणि उन्हाळ्यातला जमेल तो शनिवार-रविवार डोंगरात काढतो.

पहिली गोष्ट, तुम्ही निळ्या पट्ट्याची व्याख्या अर्धीच सांगितलीत. त्यात हिमाचे उतार आणि हिमनद्याही येतात. म्हणजे 'निळी आहे पण खडकाचीच आहे' असं पाटीवरून कळत नाही, त्या त्या वाटेची माहिती काढावी लागते.

दुसरी, तुमच्या यादीतल्या तीन गोष्टी एका माळेत ओवू नका. ओबररोटहॉर्न लिफ्टने वर जाऊन आरामात होतो. एवढ्या उंचीचा असूनही हिमनदी ओलांडावी लागत नाही, वाट आखलेली आहे. त्याला गाइड विचारलात तर गाइडच हसेल. हर्नली हटला श्वार्त्सझेच्या लिफ्टपासून (२५८३ मी.) साडेसहाशे-सातशे मीटर चढ, कड्याला ठोकलेल्या लोखंडी जाळीच्या फळ्या आणि दोर, खाली बघितलं तर पोटात गोळा येईल, पण कोरड्या दिवशी तुम्हाला जमेल. मेटेलहॉर्न मात्र वेगळं. गावातून अठराशे मीटर चढ, त्रिफ्टच्या हॉटेलपर्यंत आणि त्याच्याही बरंच वर सगळं छान, आणि माथ्याच्या आधी एक छोटा बर्फाचा पट्टा. कधी त्यावर मऊ हिम असतं आणि आधीच्या लोकांच्या पावलांत पाय टाकत पलीकडे जाता येतं. ऑगस्ट सरताना तेच उघडं, काचेसारखं बर्फ होतं. तिथे तुमची नळीची वाट कामाला येत नाही.

माचीवरची

मला इथे एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण कातळकडा यांनी लिंगाणा काढलाच आहे.

घसाऱ्यावरून आडवं जाताना आपण काय करतो? डावा हात वरच्या बाजूला, बोटं कारवीच्या झुडपाच्या बुडख्यापाशी, काठी खालच्या बाजूला. पाय सरकला तरी कारवी धरून ठेवते. ती नसेल तिथे गवताचा झुपका, तोही नसेल तर बसून घ्यायचं आणि बुडावर उतरायचं. ही सवय इतकी अंगात भिनलेली असते की आपण ती करतो हेसुद्धा लक्षात येत नाही. अडीच-तीन हजार मीटरच्या वर आल्प्समध्ये धरायला काहीच नाही. सुटे दगड, त्याखाली माती, त्याखाली कधी कधी बर्फ. बसलात तर थांबत नाही, खालीच जाता.

आणि बूट! आपल्यातले निम्मे लोक अजून अ‍ॅक्शनचे बूट घालून फिरतात. बेसाल्टवर त्यांच्यासारखी पकड नाही, मीही तेच वापरते. पण सकाळच्या कडक हिमात लाथ मारून पायरी करायची तर त्या मऊ तळव्याचा उपयोग शून्य.

कातळकडा

ताई, बूट बदलता येतात. त्यासाठी गाइड कशाला?

आणि गाइड म्हणजे सुरक्षितता हे कुणी ठरवलं? १८६५ साली मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसं पोचली तेव्हा सातजण होते, त्यात तीन गाइड. उतरताना चौघे गेले. इतिहास वाचा.

माचीवरची

वाचलाय. तुम्ही पुढचं पान उलटलं नाहीत. त्या सातांत हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, डोंगराचा अनुभव फारच थोडा. त्या सातांतल्याच व्हिम्परने लिहिलंय की उतरताना मिशेल क्रो हा गाइड बर्फाची कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोचे पाय हातांनी धरून एकेका खाचेत ठेवत होता. तेवढ्यात हॅडो घसरला, क्रोवर आदळला, मागचे दोघे ओढले गेले आणि दोर तुटला. क्रो हा त्या काळातल्या उत्तम गाइडांपैकी एक. म्हणजे चूक गाइड नेण्यात नव्हती, ज्याने जाऊ नये त्याला नेण्यात होती. तुमच्या चौघांत हॅडो कोण, हे आधी ठरवा.

घळीतला भटक्या

आमच्यात हॅडो कुणी नाही, सगळे जुने खोंड आहेत. बुटांचा मुद्दा मान्य, मेटेलहॉर्नबद्दल झ्युरिककरांनी सांगितलेलं मला माहीत नव्हतं, त्याबद्दल आभार. पण बघा, तुम्ही दोघांनी बर्फाबद्दलच लिहिलंत. खडकाच्या वाटेवर गाइड का, हा प्रश्न तसाच आहे.

टाक्यातलं पाणी

मी लिहितो. पासष्टी ओलांडलेला माणूस आहे, दोन्हीकडे हिंडलोय.

वाट किती अवघड हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सह्याद्री माणसाला हळूहळू मारतो. ऊन, पाणी संपणं, वाट चुकणं. या सगळ्यात तुम्हाला वेळ मिळतो. चुकलात तर गुहेत रात्र काढा, टाक्याचं पाणी गाळून प्या, सकाळी कुणी गुराखी भेटतोच. म्हणून आपल्याला एक खोड लागलीय, 'इथवर आलोय तर माथा करूनच जाऊ'. दुपारचे तीन वाजले तरी आपण चढत असतो.

आल्प्समध्ये उन्हाळ्यात सकाळी निरभ्र आणि दुपारी गडगडाट, हे नेहमीचं. धारेवर असताना वीज आली तर लपायला जागा नाही. तिथले लोक पहाटे निघतात आणि दुपारी आपण डबा उघडतो तेव्हा खाली येऊन बसलेले असतात. पाटीवरची वेळ विश्रांती न धरता लिहिलेली असते, हेही कुणी सांगत नाही. त्यांच्या तीन तासांत आपले फोटो आणि चहा धरलेला नाही.

आणि उंची. झरमॅट गाव १६०८ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून (१६४६ मी.) जेमतेम चाळीस मीटर खाली. महाराष्ट्रात जन्मभर डोंगर केले तरी त्या गावाहून फार वर गेलेलो नसतो आपण. पहिल्याच दिवशी लिफ्टने क्लाइन मॅटरहॉर्नला ३८८३ मीटरवर जाऊन उड्या मारणारे पाहिलेत मी, संध्याकाळी डोकं धरून बसलेले असतात. गाइडचे पैसे तो वाट दाखवतो म्हणून द्यायचे नसतात. 'आता मागे फिरा' हे तो सांगतो आणि आपण ऐकतो, त्याचे असतात.

अनवट वाटा

काका, पटलं, पण मागे फिरायला शिकवायला गाइड लागत असेल तर आपण कसले ट्रेकर? ते आपलं आपल्याला यायला हवं. उलट गाइड बरोबर असला की आपण डोकं घरी ठेवून येतो. आपल्याकडच्या कमर्शियल ट्रेकमध्ये हरिहरच्या पायऱ्यांवर काय गर्दी होते बघा, 'लीडर आहे ना' म्हणून कुणीही येतं. मी भटक्याच्या बाजूने.

झ्युरिककर

अनवट, मुद्दा चांगला आहे, पण हरिहरचा लीडर आणि इथला प्रमाणपत्रधारक पर्वत-गाइड यांची तुलना नको. इथे वर्षानुवर्षं शिक्षण घेऊन, खडक, बर्फ, स्की सगळ्याच्या परीक्षा देऊन तो बिल्ला मिळतो.

काकांच्या म्हणण्यात एक भर. इथला डोंगरच बदलतोय. खडकाच्या भेगांतलं बारमाही गोठलेलं पाणी सिमेंटसारखं काम करतं, ते सुटायला लागलंय. २००३ च्या जुलैत मॅटरहॉर्नच्या हर्नली धारेवर दरड कोसळली आणि डझनावारी गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्याच बोन्डो गावाच्या वरच्या खोऱ्यात कडा कोसळला, आठ जण गेले आणि ते धारेवर लटकलेले नव्हते, चालणारे होते. मे २०२५ मध्ये झरमॅटच्याच व्हॅले प्रांतातलं ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरडीखाली गाडलं गेलं. लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून निभावलं. झरमॅटला येणारी युरोपावेग ही दोन दिवसांची प्रसिद्ध वाट दरडींमुळे सतत वळवावी लागते. २०१० साली बांधलेला पूल दगडांनी लवकरच निकामी केला आणि २०१७ मध्ये ४९४ मीटरचा नवा झुलता पूल बांधला. तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन वाचून निघू नका. आदल्या संध्याकाळी हटवाल्याला फोन करा, वाट उघडी आहे का विचारा. गाइड न घेणाऱ्याने निदान एवढं तरी करावं.

कातळकडा

म्हणजे दरड कोसळणार असेल तर गाइड असला काय, नसला काय. माझाच मुद्दा सिद्ध झाला :)

माचीवरची

नाही झाला. कुठल्या घळीखाली थांबून फोटो काढायचा नाही, हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

घळीतला भटक्या

वाद रंगला, मजा आली. आमचं ठरलं ते सांगतो. पहिले दोन दिवस गावाभोवतीच फिरायचं, मग ओबररोटहॉर्न, मग हर्नली हट, दोन्ही गाइडशिवाय, यावर मी ठाम आहे. बारा वाजता जिथे असू तिथून परत, हा नियम आमच्यातला सगळ्यात हट्टी माणूस पाळणार, म्हणजे मीच. मेटेलहॉर्नला बर्फाच्या पट्ट्यापर्यंत जाऊन बघणार, उघडं बर्फ असेल तर तिथूनच मागे. आणि ब्राइटहॉर्न (४१६४ मी.) मोहात पाडतोय, तिथे हिमनदी आहे, तर त्या एका दिवसापुरता गाइड, चौघांत मिळून. काका, आता तरी खूश?

टाक्यातलं पाणी

अर्धा. हटवर पोचल्यावर 'पुढे थोडं धारेवर चढून बघू' म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला आत्ताच विचारून ठेवा.

झ्युरिककर

आणि विमा. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात, बारीक अक्षरं वाचा. इथे हेलिकॉप्टर फुकट येत नाही. झरमॅटच्या भागात मदतीसाठी १४४ फिरवायचा. बाकी स्वित्झर्लंडमध्ये १४१४ चालतो, तुम्ही व्हॅलेत आहात हे विसरू नका. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग मिनिटभर थांबून पुन्हा. हर्नली हटवर मुक्काम करायचा असेल तर आत्ताच जागा धरा, ऑगस्टमध्ये चढाईवाल्यांनी भरलेली असते.