मदत हवी आहे: कोहेनचा डी २.८० येतोय, पण टी-चाचणी सार्थक नाही. असं कसं?

मलप्रभाकाठ:
एमए मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मुलांची परीक्षा-चिंता मोजली आहे. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतली ४० मुलं, चिकोडी भागातल्या एका कन्नड शाळेतली ४०. प्रश्नावली ज्या त्या भाषेत दिली. मराठी गटाची सरासरी ५२, विचलन १.२६. कन्नड गटाची ४८, विचलन १.५८. टी १.९८, पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०५२. डी, म्हणजे सरासऱ्यांतला फरक भागिले दोन्ही गटांचं एकत्रित विचलन, हाताने काढला: ४ भागिले १.४३ = २.८०. मार्गदर्शक म्हणतात, पी ०.०५ च्या वर आहे, "फरक नाही" लिहा. एवढा मोठा डी असताना कसं लिहू?

वेदगंगा:
दोन्ही आकडे एकत्र नांदूच शकत नाहीत. ४०-४० च्या गटांत डी २.८० असता तर टी १२ च्या पुढे गेला असता. टीवरून उलट जाऊन बघा: डी = टी × √(२/४०), म्हणजे १.९८ × ०.२२४ = ०.४४.

१.२६ आणि १.५८ ही प्रमाण विचलनं नाहीत. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या ग्रुप स्टॅटिस्टिक्स तक्त्यात सरासरीच्या पुढे आधी 'स्टँडर्ड डेव्हिएशन' आणि मग 'स्टँडर्ड एरर मीन' असे दोन रकाने येतात. तुम्ही शेवटचा उचललाय. त्याला √४० ने, म्हणजे ६.३२ ने गुणा: विचलनं ८ आणि १० निघतील. वर्ग ६४ आणि १००, सरासरी ८२, वर्गमूळ ९.०६. ४ ÷ ९.०६ = ०.४४. जुळलं.

विचलन सांगतं मुलं एकमेकांपासून किती पांगलेली आहेत. मुलं वाढवली म्हणून ते आटत नाही. प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) सांगते सरासरी किती पक्की आहे, आणि ती नमुना वाढला की आटतेच. तिने भागलंत तर ४०० मुलं घेताच डी तिपटीने फुगेल, मुलं मात्र तशीच्या तशी.

आता "फरक नाही" हे वाक्य. ते लिहू नका. ०.४४ ची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा डी ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, साधारण ० ते ०.८८ आहे. म्हणजे फरक नगण्यही असेल, चांगला मोठाही असेल. ४० मुलांत ते ठरत नाही. ०.५ एवढा परिणाम ८० टक्के शक्यतेने पकडायलाच प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात.

टिळकवाडी:
गणित बरोबर आहे, पण मला जास्त काळजी आराखड्याची वाटते. दोन्ही बाजूंना एकेकच शाळा आहे. मग हा फरक माध्यमाचा की त्या शाळेचा, हे कुठलंही सूत्र वेगळं करू शकत नाही. तिथे गेल्या महिन्यात सराव परीक्षा झाली असेल, तेही त्या ४ गुणांत आलं. शीर्षकात 'माध्यमाचा परिणाम' असेल तर बदला.

दुसरं, आपल्या भागात हे हमखास राहून जातं: कन्नड भाषांतर परत मूळ भाषेत करून ताडलंय का? क्रोनबॅक अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) दोन्ही भाषांचा वेगळा काढा. एकीकडे तो बराच कमी निघाला तर तिथल्या विचलनात मोजमापाची चूक मिसळलेली आहे, आणि ती डीला खाली ओढते. उलट, फक्त हुशार तुकडी घेतली असेल तर विचलन आक्रसतं आणि तेवढ्याच फरकाचा डी वाढतो.

मलप्रभाकाठ:
अल्फा आज काढते. ०.४४ ला 'मध्यम' म्हणू का? ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा हे टप्पे वर्गात शिकवले होते.

वेदगंगा:
ते टप्पे कोहेनचेच, पण दुसरा आधार नसेल तेव्हाच वापरा, असं त्यांच्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत त्यांनीच बजावलंय. त्यापेक्षा अर्थ सांगा: दोन्ही गटांतून एकेक मूल सहज उचललं, तर साधारण १०० पैकी ६२ वेळा मराठी शाळेतल्या मुलाची चिंता जास्त निघेल. प्रबंधात असं चालेल (टीपुढचे ७८ म्हणजे स्वातंत्र्यमात्रा, ८० मुलं वजा २ गट): "मराठी शाळा (सरासरी ५२, प्र.वि. ८) आणि कन्नड शाळा (सरासरी ४८, प्र.वि. १०) यांतील फरक ४ गुण; टी (७८) = १.९८, पी = ०.०५२, डी = ०.४४, ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.०० ते ०.८८." विश्वासमर्यादा मार्गदर्शकांनी खोडायला सांगितली, तरी ठेवू द्या अशी विनंती करा.