‘मुलीला किती तोळे घातले?’ ही चौकशी कधी थांबणार?

काटेकोर: लग्नाच्या पंगतीत पहिली कुजबुज हीच. या कुजबुजीपायी सोनं ‘दिसेल’ असं घडवलं जातं, आणि पैसा जिरतो तो तिथेच. साध्या पाटल्यांना घडणावळ ८-१० टक्के लागते, नक्षीच्या हाराला २० च्याही पुढे. १५ धरा. दहा तोळ्यांवर दीड तोळ्याची किंमत गेली, वर साडेअकरा तोळ्यांच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी. सराफी पेढीची पायरी उतरेपर्यंत पावणेदोन तोळ्यांहून जास्त साफ! मोडीला यातलं काही परत येत नाही. साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते, तिचं वजन कापतात ते वेगळंच. त्यापेक्षा सोन्याचं बिस्कीट घ्या.

पाटल्यावाली: घ्या बिस्कीट, आणि पेरणीच्या तोंडावर बँकेत जाऊन बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बिस्किटावर कर्ज देता येत नाही; दागिने चालतात, नाणी फार तर ५० ग्रॅम. २०२५ च्या नियमांत घरखर्चासाठी काढलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय मिरवलेलं सोनं चारशे लोकांनी मुलीच्या अंगावर पाहिलेलं असतं. उद्या सासरचे ‘आमचंच आहे’ म्हणाले तर?

कलमबहाद्दर: चारशे साक्षीदार कोर्टात येतात होय? हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ पासून भेटींच्या यादीचे नियम आहेत. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची. पुढे वजन आणि हॉलमार्कचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला सहा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक, तोही लिहून ठेवा. घोळ होतो तो पावती आणि लॉकर दोन्ही सासूच्या नावावर असले की.

काटेकोर: यादी मान्य. पण पंगतीत यादी कोण वाचतंय, गळाच बघतात ना? म्हणून तर कमी वजनात भरगच्च दिसणारे पोकळ तोडे खपतात. पत्रा पातळ, एकदा पोचा आला की सरळ करताना चिरतो. डाग देऊन सांधावा तर तिथे सोन्याचा कस (शुद्धता) उतरतो.

पाटल्यावाली: मग भरीव घ्या, घालू नका कशाला म्हणता?

जुनंमाप: मोजायचेच तर माप तरी एक धरा. आजीच्या वेळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताच्या पेढीवरचा १० चा. तिचे दहा ते तुमचे साडेअकराच्या वर.