लांब पल्ल्याच्या गाडीत बाळाचं डायपर बदलायला जागा देणं सक्तीचं असावं का?

पालवी (धागाकर्ती):
मागच्या महिन्यात रात्रीच्या प्रवासात आमच्या सात महिन्यांच्या लेकीचं पोट बिघडलं. डब्यातल्या एकाही टॉयलेटमध्ये तिला आडवं करायला फळी नव्हती. सीटवर बदलावं तर शेजारचे दोघे जेवत होते. शेवटी कमोडचं झाकण पाडून त्यावर दुपटं अंथरलं. झाकण मध्ये फुगीर असतं, त्यावर बाळ ठरत नाही. एका हातात तिचे दोन्ही घोटे, दुसऱ्या हातात ओला रुमाल, आणि तेवढ्यात गाडीनं रूळ बदलला. लेक घसरली ती मी कोपरानं अडवली. माझं कोपर भिंतीवर आपटून सोललं, तिला काही झालं नाही. तरी तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

माणसांना बारा-पंधरा तास डब्यात बसवून नेणाऱ्या गाडीत संडास असावा की नाही, हे आपण कुणाच्या मर्जीवर सोडत नाही. मग ही सोय का सोडायची? तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-दहा डायपर लागतात. शी झालेलं डायपर तसंच ठेवलं की कातडी लाल होऊन सोलवटते. "पुढचं मोठं स्टेशन येऊ दे" असं बाळाला सांगता येत नाही. नियमच हवा.

रूळकरी:
ताई, तुमचा त्रास कळतो, पण सक्तीला माझा विरोध आहे. मी डब्यांच्या देखभालीचं काम करतो. भिंतीतून उघडणारी फळी म्हणजे बिजागरी आणि खटका, आणि गाडीत दोन्ही रात्रंदिवस थरथरतात. स्क्रू ढिले होतात, कुणी त्यावर बॅग ठेवतं, कुणी चक्क बसतं. फळी नसेल तर आई-बाप सावध असतात. ढिली फळी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवून बाळ ठेवतात. नियम "बसवा" म्हणतो, नंतर तिच्याकडे कोण बघतं?

एकटा प्रवासी:
रूळकरींशी सहमत. शिवाय खर्च सगळ्यांच्या तिकिटातून जाणार आणि टॉयलेटची रांग वाढणार. कुटुंबांसाठी एखादा वेगळा डबा ठेवा, बाकीच्यांवर लादू नका.

दोन चाकं:
मी व्हीलचेअर वापरते, म्हणून वेगळ्या कारणानं लिहिते. फळी बसवायची ठरली की ती हमखास मोठ्या टॉयलेटमध्ये जाते, कारण जागा तिथेच असते. पण मला आत जाता येईल असं तेच एक. बाहेर वीस मिनिटं थांबून आत गेले आणि फळी खाली पाडलेलीच होती, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. खुर्ची कमोडशेजारी लावायची जागा तिनं अडवलेली. बसल्या जागेवरून ती उचलून खटका लावायला माझा हात पुरत नाही. बाळांची सोय जरूर करा, माझं एकुलतं टॉयलेट वाटून घेऊन नको.

मोजपट्टी:
थोडी माहिती, कारण नियम कसा लिहितात यावर बरंच अवलंबून आहे. युरोपीय संघात 2015 पासून लागू असलेल्या रेल्वे-सुगम्यतेच्या नियमांत हे आहे. बाळांसाठी वेगळी जागा नसेल, किंवा असून तिथे व्हीलचेअर पोचत नसेल, तर मोठ्या टॉयलेटमध्ये फळी हवीच. पाडल्यावर ती जमिनीपासून 800 ते 1000 मिमी उंचीवर, किमान 500 मिमी रुंद, 700 मिमी लांब. बाळ घसरू नये अशी घडण, कडा धारदार नकोत, आणि किमान 80 किलो वजन पेललं पाहिजे. म्हणजे कुणी बॅग ठेवली, टेकलं, तरी तुटू नये.

रूळकरी, ढिल्या फळीला उत्तर नियमच देतो, कारण भार लिहून दिलाय. आणि दोन चाकं, तुमच्यासारखीच व्हीलचेअरवरची आई बाळ घेऊन आली तर? मोठं टॉयलेट फळीतून वगळलं आणि दुसरीकडेही तिला पोचता आलं नाही, तर तिनं काय करायचं?

दोन चाकं:
हा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात आला नव्हता. मग वेगळी जागाच करा, पण तिथे खुर्ची जाईल अशी. तुम्ही दिलेल्या नियमात तो पर्याय आधीच आहे.

बाबा_नवा:
एकटा प्रवासी, तुमच्या वेगळ्या डब्याबद्दल. तिकिटं शेवटच्या क्षणी मिळाली की माणूस मिळेल त्या डब्यात चढतो. बाळ आजारी आजीला भेटायला निघालेलं असतं, सहलीला नव्हे. आणि आम्ही बाप मंडळी इमारतींत फार अडकतो, फळी बायकांच्या बाजूला असते. अमेरिकेत 2016 मध्ये संघराज्य सरकारच्या सार्वजनिक इमारतींसाठी कायदा करावा लागला, पुरुषांच्या स्वच्छतागृहातही सोय हवी म्हणून. गाडीतलं टॉयलेट बहुतेकदा सगळ्यांना एकच असतं, तिथे एक फळी बसवली की दोघांचंही भागतं.

पालवी:
दोन चाकं, तुमचं वाचून मी माझं म्हणणं बदलते. प्रत्येक टॉयलेटमध्ये फळी नको. गाडीत निदान एक वेगळा कोपरा द्या. दोन डब्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडदा लावून जमेल का?

रूळकरी:
तिथे नाही. आणीबाणीत माणसं तिथूनच बाहेर पडतात, ती वाट अडवायची नसते. पण दाराजवळ सामान ठेवायचा जो उभा खण असतो, तो एका डब्यात मोकळा करता येईल. तिथे उघडझाप करणारी फळी नको, कंबरेच्या उंचीचा पक्का ओटा करा, तिन्ही बाजूंनी उंच कड. बिजागरीच नाही, तर निखळणार काय? समोर खुर्ची वळेल एवढी जागा सोडावी लागेल, म्हणजे सामानाचे दोन खण जातील. लोक ओरडतील.

एकटा प्रवासी:
सामानाची जागा गेली तर मीही ओरडेन. पण ताईंनी सांगितलेलं झाकणावरचं बाळ डोळ्यांसमोरून जात नाही. एका डब्यापुरतं असेल तर माझी हरकत नाही, सगळ्या डब्यांना अजूनही आहे.

रूळकरी:
सक्ती करायचीच असेल तर एक ओळ जास्त लिहा. गाडी सुटण्याआधी टॉयलेटचं पाणी तपासतात त्याच यादीत हा ओटा येऊ दे, पुसलेला आहे का आणि त्यावर सामान नाही ना, एवढं बघायला. यादीत नाव आलं की आमच्याकडे ते काम होतं.