फ्लाय फिशिंगची पहिली काठी कुठली घेऊ? बजेट ८ हजार, दिवाळीत तीर्थनला ट्राउटसाठी जायचंय

माहुलीघाट:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, हायस्कूलला शिक्षक आहे. लहानपणापासून संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गळ टाकतोय. कळकाची काठी, तंगूस आणि कणकेची गोळी, एवढंच सामान. आता मेव्हण्यानं हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जायचं ठरवलंय, दिवाळीच्या सुट्टीत, चार दिवस. तिथं ट्राउट फ्लायवर, म्हणजे हुकावर बांधलेल्या नकली माशीवर, धरतात म्हणे. मला हे नीट शिकून जायचंय. काठी, रीळ, लाईन सगळं धरून ८ हजारात बसवायचंय, त्याच्या वर जाणं खरंच जमणार नाही. कुठली घ्यावी आणि काय काय लागतं ते सांगा.

हळदपेठ_सांगली:
सर, ८ हजारात काही होत नाही, स्पष्टच सांगतो. मी पहिलाच सेट ३८ हजाराचा घेतला, मेव्हण्याच्या पोरानं परदेशातून आणला, ९ फुटी ५ नंबर, चार तुकड्यांची. आज सहा वर्षं झाली, काठीवरची लाईन ओवायची एक रिंग हललेली नाही. स्वस्त घेऊन दोनदा घेण्यापेक्षा एकदाच घ्या. थोडं थांबा, पैसे जमवा, पुढच्या वर्षी जा.

कोयनाकाठ:
८ हजार सांगितलेत ओ त्यांनी. ३८ कुठून आणायचे?
माहुलीघाट दादा, ९ फुटी ५ नंबर हे मात्र बरोबर सांगितलंय. फ्लाय रॉडला नंबर असतो तो लाईनच्या वजनाचा. आपल्या गळात शिशाचं वजन पुढं जातं आणि तंगूस मागून ओढला जातो, हितं उलटं हाय, माशीला वजनच नसतं, लाईनच फेकायची आणि माशी तिच्या मागनं जाते. ५ नंबरच्या लाईनची पहिली ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, त्या वजनावर काठी वाकते. म्हणून काठी ५ तर लाईन पण ५ च. रिळावर पैसे घालू नका, ट्राउटला रीळ म्हंजे नुसती लाईन गुंडाळायची चकरी. पैसे लाईनवर घाला. तरंगणारी, पुढून जाड असते ती घ्या, डब्ल्यूएफ ५ एफ असं लिहिलेलं असतं बघा.

मिरजमळा:
मी ऑनलाईन कॉम्बो घेतला होता ७ हजाराला, काठी रीळ लाईन माश्या सगळं एका पिशवीत. काठी बरी निघाली पण लाईन इतकी कडक की रिळावरनं सोडली की स्प्रिंगसारखी गोल गोल पडायची, पाण्यावर सरळ होईचना, मी दोन महिने समजत होतो की माझाच हात चुकतोय. शेवटी वेगळी लाईन ३२०० ला घेतली आणि पहिल्याच दिवशी ३५ फूट गेली. पैसे परत मागितले तर विकणाऱ्यानं फोनच उचलला नाही. तेव्हा कॉम्बो घेऊ नका.

हळदपेठ_सांगली:
हेच म्हणतोय मी, स्वस्त घेतलं की दोनदा घ्यावं लागतं.

औदुंबर_नदीकाठ:
शिक्षक माणूस आहात म्हणून सांगतो, आपली नदी सोडून हिमाचलला कशाला जाता? ट्राउट मुळात आपला मासाच नाही. इंग्रजांनी १९०० साली काश्मीरला अंडी आणून सोडला, हिमाचलला १९०९ साली. आपला मासा म्हसीर, खडस म्हणतात आपल्याकडं. एकेकाळी कृष्णेच्या डोहात काय खडस होते! वडील सांगायचे. लोणावळ्याला टाटांच्या हॅचरीत त्याची पिल्लं तयार करतात, ते बघून या एकदा. मी ४० वर्षं गळ टाकतोय, २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा माझ्या नऊ काठ्या गेल्या, तरी परत जुळवल्या. नदी सोडायची नाही.

डोंगरवाटा_वाई:
काका, ते नदी सोडतायत कुठं, चार दिवस फिरायला चाललेत. पण एक विचारायचं होतं, कोयनेत ट्राउट सोडला तर जगेल का? कोयनेचं पाणी गार असतं की.

कोयनाकाठ:
नाय जगणार. ट्राउटला पाणी २० डिग्रीच्या आत लागतं, वर गेलं की तो खाणंच सोडतो, पाण्यातला प्राणवायू कमी पडतो त्याला. एप्रिलात कोयनेत पाय घालून बघ, कोमट लागतंय. आणि शिवसागरच्या बाजूला गळ घिऊन जाऊ पण नको, अभयारण्य हाय, व्याघ्र प्रकल्प हाय, काठीसकट जप्त करत्यात आणि केस होती ती वेगळी.

फौजी_अपशिंगे:
रामराम. अपशिंगे मिलिटरीचा आहे, नोकरीत काश्मीरला दोन पोस्टिंग झाल्या, पहलगामच्या लिद्दर नदीवर साहेबांच्या बरोबर पहिल्यांदा फ्लाय रॉड हातात धरला. काठी कुठली हा प्रश्न नंतर. आधी फेकायला शिका, आणि ते मैदानावर शिकायचं, नदीवर नाही. हुक लावायचा नाही, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा. कोपर अंगाजवळ, मनगट घट्ट. घड्याळाचे काटे डोक्यात धरा, मागं दोनवर थांबायचं, पुढं दहावर थांबायचं. थांबायचं हे महत्त्वाचं. मागं लाईन पूर्ण सरळ होईपर्यंत हात हलवायचा नाही. नवीन माणूस घाई करतो. पोतराजाचा आसूड कडाडतो तसा आवाज आला की समजायचं माशी तुटून गेली. रोज वीस मिनिटं, महिनाभर. एकदम तासभर करू नका, हात दुखला की चुकीची सवय लागते.
दुसरं, ट्राउट प्रवाहाच्या वर तोंड करून उभा असतो. म्हणून खालच्या बाजूनं, त्याच्या पाठीमागनं जायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. भडक शर्ट घालायचा नाही.

मिरजमळा:
आसूड अगदी बरोबर. माझ्या पहिल्या डझनभर माश्या अशाच गेल्या.

हळदपेठ_सांगली:
चांगली काठी असेल तर फेकायला इतका त्रास होत नाही, हा माझा अनुभव. फौजी साहेबांचा मान राखून सांगतो.

फौजी_अपशिंगे:
होतो. काठी हात शिकवत नाही.

बांबूवाला_कराड:
कुणी टेंकाराचं नाव काढलं नाही अजून? जपानी पद्धत आहे, रीळच नाही, घडीची काठी १२ फुटी, टोकाला लाईन बांधायची, पुढं माशी. सर लहानपणापासून कळकाच्या काठीवर धरतात म्हणजे त्यांना हे जन्मापासून येतंय. ४ हजारात काम होतं. मी अडीच वर्षं वापरतोय, एसटीत पाठपिशवीत जाते.

कोयनाकाठ:
चांगली हाय, पण तीर्थनला मोठा ट्राउट लागला आणि खाली धारेला पळाला तर लाईन सोडता येत नाही, एक तर माशामागं दगडावरनं पळायचं नायतर तुटू द्यायचं.

बांबूवाला_कराड:
तीर्थनला एवढे मोठे किती लागतात? बहुतेक वीतभर, दीड वीत. मी स्वतः धरलेत.

माहुलीघाट:
सगळ्यांचे आभार. फौजी काका, तुमचं वाचून झेडपीच्या मैदानावर जागा बघून आलो. माश्या कुठल्या घ्यायच्या ते पण सांगा. आणि मासा सोडायचा की खायचा?

तीर्थन_तीनदा:
मी सांगलीचा, तीर्थनला तीनदा जाऊन आलोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे तुम्ही दिवाळीत जाऊ नका!! हे कुणीच कसं सांगितलं नाही. हिमाचलात ट्राउटला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत बंदी असते, तेव्हा मासा अंडी घालतो. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, म्हणजे तुम्ही एवढं सामान घेऊन नुसती नदी बघून परत याल. जुलै-ऑगस्टला पावसानं पाणी गढूळ. मार्च-एप्रिल चांगला, नाहीतर पाऊस संपल्यावर ऑक्टोबर. शिक्षक असाल तर मे मिळेल, मेमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं पण पहाटे कमी असतं, रात्री वर बर्फ गोठतं ना, म्हणून सकाळी दहाच्या आत नदीवर जायचं. परवाना मत्स्य विभागाचा लागतो, रोजचा मिळतो, त्याशिवाय गळ टाकायचा नाही.
माश्या: नवशिक्यानं चार प्रकार न्यावेत. पाण्याखाली चालणाऱ्या फेजंट टेल आणि हेअर्स इअर, वर तरंगणारी ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, सगळ्या १२ ते १६ नंबरच्या. नंबर वाढला की हुक बारीक होतो हे लक्षात ठेवा, मी उलटं समजून बारकुळ्या घेऊन गेलो होतो पहिल्यांदा. ट्राउट बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो, म्हणून वरचं काही उठत नसेल तर खालची लावा. नदीत गेल्यावर एक दगड उलटा करून बघा, खाली किडे चिकटलेले दिसतील, तेच त्याचं जेवण, तसल्या आकाराची माशी निवडा.
लीडर, म्हणजे लाईन आणि माशी यांच्यामधला बारीक तंगूस, ९ फुटी ५ एक्स. एक्सचा हिशोब सोपा आहे, ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, ११ उणे ५ म्हणजे ६, तेवढे हजारांश इंच तंगूस जाड.
आणि हुकाची काटेरी नखी पकडीनं दाबून टाका. मासा सहज सुटतो आणि तुमच्या कानात गेला तरी सहज निघतो. माझ्या बायकोच्या कानात गेला होता दुसऱ्या दिवशी, वारा मागून होता. नखी दाबलेली नव्हती, बंजारला दवाखान्यात जावं लागलं. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय कुणालाही जवळ उभं करू नका.

औदुंबर_नदीकाठ:
सोडून द्यायचा मासा धरायचाच कशाला? जीवाला त्रास. आम्ही धरला की कालवण. आमच्या आजीचं चिंचेचं कालवण असायचं, खोबरं-लसणीचं वाटण, बाजूला बाजरीची भाकरी.

तीर्थन_तीनदा:
काका, परवान्यात किती ठेवायचे ते लिहिलेलं असतं, तेवढा खा. बाकी सोडा. सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर बुरशी लागून मरतो. फोटो काढायचा तर मासा पाण्यात धरूनच.

डोंगरवाटा_वाई:
दिवाळीची बंदी मला माहिती नव्हती. सर, नोव्हेंबरात बंद असतं बघा.

मिरजमळा:
हो, नोव्हेंबरपासून बंद.

पूररेषा:
कुणी पाण्याच्या धोक्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय. तीर्थनवर मोठं धरण नाही पण आजूबाजूच्या नद्यांवर वीजप्रकल्प आहेत. २०१४ च्या जूनमध्ये बियासच्या पात्रात उभी असलेली हैदराबादची इंजिनिअरिंगची पोरं लारजी धरणाचं पाणी सुटल्यावर वाहून गेली, २० च्या वर मुलं. आपल्याकडं विसर्गाचा भोंगा होतो तेव्हा आपण काठावर येतो, ती सवय तिकडं पण ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काडीकचरा यायला लागला की काठी तिथंच टाकून वर चढायचं. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हातात एक जाड काठी टेकायला, दगड शेवाळलेले असतात.

औदुंबर_नदीकाठ:
पाण्यात उभं राहून मासे धरायची ही पद्धत इकडं करू नका कुणी. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. काठावर पण अंधारात बसू नका.

हळदपेठ_सांगली:
मगरी आमच्या आयर्विन पुलाकडं पण दिसतात.

बांबूवाला_कराड:
म्हणूनच १२ फुटी काठी, काठावरनंच काम होतं.

माहुलीघाट:
मंडळी, ठरवलं ते कळवतो. आधी तीर्थन_तीनदा दादांचे मनापासून आभार, तुम्ही लिहिलं नसतं तर बारा तारखेला आम्ही तिकिटं काढणार होतो. आता मेमध्ये जातोय, मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन आणि पुढं रात्रीच्या बसनं हिमाचलातल्या औट गावी.
काठी मात्र तुम्ही सांगितलेली घेतली नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार आहेत, त्यांच्या माळ्यावर १५ वर्षं पडलेला फ्लाय रॉड निघाला. ९ फुटी, पण ७ नंबरचा. ते पैसे घेत नव्हते, मी बळंच २ हजार दिले. ट्राउटला जड आहे हे मला कळतंय. पण मी वर्षातले चार दिवस तीर्थनला असणार आणि बाकी सगळे दिवस माहुलीला. इथं वारा असतो, चिलापी आहे, कधी मरळ आहे, त्याला ५ नंबर काठी कमी पडेल असं सुभेदार म्हणाले आणि मला पटलं. मिरजमळा यांचं ऐकून लाईन नवीन घेतली, ७ नंबरची, ३६०० ला. रीळ १४०० चं. एकूण ७ हजार. उरलेल्या हजारात माश्या, लीडर आणि पकड.
अकरा दिवस झाले मैदानावर लोकर फेकतोय. काल पहिल्यांदा मागं लाईन सरळ झालेली हाताला कळली. काठीनं हळूच मागं ओढल्यासारखं होतं. नववीची दोन पोरं रोज बघायला येतात, त्यांना पण शिकवतोय.

हळदपेठ_सांगली:
७ नंबर ट्राउटला चुकीचाच आहे सर. पण घेतलाय तर वापरा.

बांबूवाला_कराड:
टेंकारा घ्यायला हवी होती.

फौजी_अपशिंगे:
हाताला कळलं ना, मग झालं. ७ नंबरची लाईन पाण्यावर जोरात पडते, ट्राउट बुजेल. म्हणून तीर्थनला ९ च्या ऐवजी १२ फुटी लीडर लावा आणि टोकाचे दोन फूट ५ एक्सचे जोडा. आणि जुन्या काठीच्या रिंगा कापसाच्या बोळ्यानं आतून पुसून बघा, कापूस अडकला तर तिथं चीर आहे, ती रिंग आधी बदला, नाहीतर नवी लाईन महिन्यात कापली जाईल.

माहुलीघाट:
काका, आत्ताच बघितलं. टोकाच्या रिंगेत कापूस अडकला. उद्या बदलून घेतो.