शब्दचर्चा : ‘जीन फ्यूजन’ला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरी :
लॅबच्या रिपोर्टसोबत रुग्णाच्या नातेवाइकांना द्यायला पानभर मराठी माहिती लिहितोय. ‘आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये जीन फ्यूजन आढळले’ या वाक्यावर गाडी अडलीय. आरएनए म्हणजे पेशीनं उतरवलेली जनुकाची नक्कल, सिक्वेन्सिंग म्हणजे तिची अक्षरं वाचणं, आणि जीन फ्यूजन म्हणजे दोन जनुकांचे भाग एकमेकांना जोडले जाणं. ‘जनुकांचे विलीनीकरण’ चालेल का?

शिवाजी पेठ :
विलीनीकरण नको. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे संस्थान म्हणून उरलंच नाही. इथं तसं होत नाही. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल होते आणि बीसीआर या जनुकाचा पुढचा भाग एबीएल1 या जनुकाच्या मागच्या भागाला जोडला जातो. कुणी कुणात मुरत नाही. दोन्ही जनुकांची दुसरी, धड प्रत सहसा पेशीत शाबूत असते. त्या जोडीतून बनणारं प्रथिन मात्र पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणत सुटतं. इमॅटिनिब हे औषध लगाम घालतं ते त्यालाच. मी तर ‘जोडजनुक’ म्हणेन. जोडाक्षराच्या चालीवर.

कसबा बावडा :
‘संकर’ का नको? शेतकऱ्याला पटकन कळतो.

शिवाजी पेठ :
कळतो म्हणूनच नको! घरच्यांना वाटायचं, आईबापांकडूनच काहीतरी आलं. हे बहुतेक वेळा जन्मानंतर एखाद्या पेशीत घडतं, मुलाबाळांत उतरत नाही.

सायबर चौक :
जोडजनुक झकास. पण ‘सांधा’ही, म्हणजे दोन जनुकं जुळतात ती जागा, ठेवा, कारण आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये आम्ही शोधतो तो सांधाच. डीएनए तुटतो बहुधा इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकातल्या पक्क्या आरएनएत न उरणाऱ्या मधल्या भागात, आणि इंट्रॉन हजारो अक्षरं लांब. नेमकी जागा धुंडाळणं जिकिरीचं. आरएनए पक्का होईतो इंट्रॉन कापून टाकलेले असतात. मग शे-दीडशे अक्षरांच्या एखाद्या तुकड्याचं डोकं बीसीआरशी जुळतं नि शेपूट एबीएल1शी. असे बरेच तुकडे सापडले की संशय बळावतो.

फक्त दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरू नका. शेजारशेजारच्या दोन जनुकांची नक्कल पेशी कधीकधी एका दमात उतरवते. तिथं आरएनएत सांधा असतो, डीएनएत जोडजनुक नसतं. नमुना तयार करतानाही तुकडे भलतीकडे चिकटतात. आणि ‘स्थलांतर’, म्हणजे एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्यावर जाणं, सरसकट लिहू नका. प्रोस्टेटच्या कर्करोगातली टीएमपीआरएसएस2 आणि ईआरजी ही दोन्ही जनुकं 21 क्रमांकाच्या गुणसूत्रावरच आहेत. मधला सुमारे 30 लाख अक्षरांचा तुकडा गळाला की ती जुळतात.

राजारामपुरी :
म्हणजे ‘सांधा आढळला, जोडजनुक असण्याची शक्यता’ असं. आणि सांधा दिसला नाही तर ‘जोडजनुक नाही’?

सायबर चौक :
नको, ‘आढळलं नाही’ लिहा. मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेल्या गाठीतला आरएनए बऱ्याचदा इतका तुटलेला असतो की सांधा असूनही हाती लागत नाही. नमुन्यातला आरएनए तपासणीजोगा होता की नाही, तेही त्याच ओळीत येऊ द्या.