हातात पिस्तूल घेतलेला भला माणूस पोलिसाला ओळखू कसा येणार?

कांदाभजी (इंडियानापोलिस)
गेल्या शनिवारी पिस्तुलाच्या क्लासला गेलो आणि तासाभरात तीनदा मेलो. पिस्तूल निळ्या प्लास्टिकचं होतं. शिकवणारा माजी पोलीस. प्रसंग असा: हल्लेखोर खाली पडलाय, मी पिस्तूल रोखून उभा आहे, आणि पाठीमागून हा खेकसतो, "पोलीस! टाक ते!" की माझी मान, खांदे, हात, सगळं आवाजाकडे वळतं. पिस्तुलासकट. "मेलास," तो थंडपणे म्हणतो. तिसऱ्या खेपेला तर तो ओरडणार हे ठाऊक होतं, तरी वळलोच.

आमच्यापासून वीस मिनिटांवर ग्रीनवुडचा मॉल आहे. 17 जुलै 2022 ला तिथे एकाने रायफलने तिघांना मारलं. 22 वर्षांच्या एका पोराने जवळपास 40 यार्डांवरून पिस्तुलाच्या दहा गोळ्या झाडल्या, आठ लागल्या, हल्लेखोर संपला. सगळ्यांना नेम आठवतो. मला नंतरचं महत्त्वाचं वाटतं. तो स्वतःहून मॉलच्या सुरक्षारक्षकांकडे गेला आणि जे सांगितलं ते निमूट केलं. म्हणून तो आज आहे.

उलट उदाहरण अरवाडा, कोलोरॅडो, 21 जून 2021. एकाने पोलिसाला गोळ्या घातल्या आणि गाडीतून रायफल घेऊन आला. दुकानातून धावत आलेल्या एका नागरिकाने त्याला पिस्तुलाने टिपलं. मग त्याने पडलेल्या माणसाची रायफल उचलली. बाहेर आलेल्या दुसऱ्या पोलिसाला दिसला तो रायफलवाला. हा वाचवणारा त्याच्या गोळीने गेला.

माझं मत: पिस्तूल बाळगायची हौस ज्याची, ओळख पटवायची जबाबदारीही त्याचीच. धोका संपला की पिस्तूल लगेच होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात. हल्लेखोराच्या शस्त्राला हात नाही. पोलिसांचा आवाज आला की वळायचं नाही, तळवे रिकामे, बोटं फाकलेली. बेड्या पडतील, पडू द्यायच्या. 911ला, म्हणजे अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लागला तर आधी आपले कपडे सांगायचे.

अरुणिमा_पुणे
म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच क्लास! तुम्ही अरवाडाची निम्मीच गोष्ट सांगितली. त्या माणसाला कुणी "टाक ते" म्हटलंच नाही. पोलिसाने इशारा न देता मागून गोळ्या झाडल्या. तुमचे फाकलेले तळवे त्याने कधी दाखवायचे? सरकारी वकिलांनी पोलिसावर खटला भरला नाही, आणि पुढे शहराने त्या मेलेल्या नागरिकाच्या आईला सुमारे 28 लाख डॉलर दिले. काहीच चुकलं नव्हतं तर हे पैसे कशाचे?

फौजदार_निवृत्त (नाशिक)
ताई, तडजोडीचे पैसे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. मी 31 वर्षं खात्यात काढली, त्यावर सांगतो. गोळीबाराचा कॉल आला की जाणाऱ्याच्या डोक्यात एकच असतं: बंदूक कुणाच्या हातात आहे? चेहरा दिसत नाही, हातच दिसतात. 1999 च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर अमेरिकेत शिकवणूकच बदलली. पूर्वी बाहेर वेढा घालून खास पथकाची वाट बघायचे. आता पहिला पोहोचणाऱ्याने थेट आत घुसायचं. 2022 ला टेक्सासमधल्या उवाल्डीच्या शाळेत हल्लेखोर आत असताना पोलीस 77 मिनिटं थांबले तर जगाने त्यांना भित्रे म्हटलं. थांबले तर भित्रे, धावले तर खुनी. आमच्या खात्याचं नशीबच असं.

लोणावळा_ते_डॅलस
साहेब, थांबा. थांबणं आणि एक शब्द ओरडणं यात फरक आहे की नाही?
आणि मूळ धागाकर्त्याला प्रश्न: ग्रीनवुडचा पोरगा गोरा होता, हे लिहायचं राहिलं का? नोव्हेंबर 2018 ची दोन प्रकरणं. इलिनॉयमधल्या रॉबिन्सला बारचा सुरक्षारक्षक गोळीबार करणाऱ्याला जमिनीवर दाबून बसला होता. हा आमचा रक्षक आहे असं लोक ओरडत होते. आलेल्या पोलिसाने त्यालाच मारलं. अकराच दिवसांनी अलाबामात हूवरच्या मॉलमध्ये आणखी एक जण पोलिसाच्या गोळीने गेला. आधी पोलिसांनी जाहीर केलं की हाच हल्लेखोर, दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला. खरा आरोपी नंतर जॉर्जियात सापडला. दोघेही मेलेले कृष्णवर्णीय. आपला रंग त्या पट्टीवर कुठे बसतो ते तुम्हीच ठरवा. माझ्याकडे लायसन्स आहे, पिस्तूल घरातल्या तिजोरीत असतं. बाहेर नेत नाही, ते याच कारणाने.

चहाटळ
आम्ही एच-वन व्हिसावाले सुखी. शिकारीचं लायसन्स काढल्याशिवाय बंदूक विकत मिळत नाही, आणि शिकार काय, आम्हाला डासही धड मारता येत नाही.

कांदाभजी
डॅलस, मान्य. रंगाचं लिहायला हवं होतं, टाळलं. 2009 ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सुट्टीवरचा एक कृष्णवर्णीय पोलीस आपली गाडी फोडणाऱ्याच्या मागे पिस्तूल घेऊन धावला. साध्या कपड्यातल्या पोलिसांनी हाक दिली, हा वळला, गेला. तिथे साध्या कपड्यातल्या पोलिसांसाठी रोज एक रंग ठरतो, त्या रंगाची पट्टी बांधायची. खात्यातल्या माणसाची ही गत, तर माझ्यासारख्याला कुठला रंग देणार? कुणी म्हणतात नागरिकांनीही बिल्ला लावावा. तो तर हल्लेखोरही विकत घेईल.

पण अरुणिमाताई, पोलिसांनी ओरडायला हवं होतं हे शंभर टक्के खरं असलं तरी त्या क्षणी ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त माझं पिस्तूल आहे.

अरुणिमा_पुणे
हेच तर पटत नाही. नियम सगळे पाळले तरी? जुलै 2018, ऑरोरा, कोलोरॅडो. 73 वर्षांचे व्हिएतनाम युद्धातले सैनिक. रात्री घरात घुसलेला माणूस नातवावर तुटून पडला, आजोबांनी त्याला गोळी घालून मारलं. 911ला फोन गेलेला होता. स्वतःचं घर! पोलीस ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले. आजोबांना लढाईपासून कमी ऐकू यायचं. पिस्तूल हातात राहिलं आणि ते पोलिसाच्या गोळीने गेले. आता यांनी कुठला क्लास करायला हवा होता?

फौजदार_निवृत्त (नाशिक)
हे वाचलेलं नव्हतं. वाईट झालं. मात्र यातही पोलिसाला बहिरेपण दिसत नाही, एवढंच म्हणेन.

लोणावळा_ते_डॅलस
दिसत नाही म्हणून तर थांबायचं असतं, साहेब.

फौजदार_निवृत्त (नाशिक)
आणि समोरचा खरा हल्लेखोर निघाला तर? मी कनिष्ठांच्या दोन प्रेतांना खांदा दिलाय. यावर आपलं जमणार नाही.

कांदाभजी
ऑरोराचं उत्तर माझ्याकडे नाही. काल बायकोला बसवून 911चं वाक्य पाठ करून घेतलं: नवरा घरात आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे, निळा टी-शर्ट. ती म्हणाली, "रात्री तू बनियनवर असतोस." मग वाक्य बदललं. नंतर म्हणाली, "आणि तुझा तो घोरण्याचा पट्टा? त्याने तुझे कान झाकले जातात, मीच तीनदा हाक मारते तेव्हा उठतोस."

पुढच्या शनिवारी क्लासला तो पट्टा लावून उभा राहणार आहे. बघू, किती वेळा मरतो.