मदत हवी आहे: संख्याशास्त्रातून अतिवृष्टीच्या संशोधनाकडे वळायचंय

नमस्कार मंडळी,

मी मूळची परांडा तालुक्यातली. पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, सध्या इथेच एका खाजगी कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. पगार बरा आहे, कामाचा ताणही फारसा नाही. पण सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरानं आमच्या भागाची जी दैना केली, ती पाहिल्यापासून नोकरीत मन लागत नाही. सोयाबीन तर गेलंच, नदीकाठची जमीनसुद्धा खरडून गेली, खाली नुसता मुरूम उरलाय. अतिवृष्टी, उष्णतेच्या लाटा अशा टोकाच्या घटनांचं विज्ञान शिकायचं आणि त्यातच काम करायचं, हे मी पक्कं ठरवलंय. वाट कोणती धरायची ते ठरत नाही, म्हणून हा धागा.

मला काय येतं ते आधी सांगते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा वापरला होता (नकाशावर आखलेल्या 0.25 अंशाच्या चौकोनांनुसार मांडलेला, 1901 पासूनचा, फुकट मिळतो). प्रत्येक वर्षातला एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस काढायचा, त्यावर जीईव्ही वितरण (टोकाच्या मूल्यांसाठीचं संख्याशास्त्रीय सूत्र) बसवायचं आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस किती असेल याचा अंदाज करायचा. वितरण छान बसलं. पण त्या शंभर वर्षांच्या आकड्याभोवतीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो पट्टा) एवढा रुंद आला की पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला तो आकडा द्यायचा धीर होऊ नये. पावसाचा स्वभाव काळानुसार बदलतोय असं धरलं की तो आणखी फाकतो. हवा 1 अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे भौतिकशास्त्र माहीत असूनही एका तालुक्याच्या डेटात तो बदल पकडणं फार अवघड जातं. मला याच प्रश्नानं धरून ठेवलंय.

दुसरा प्रश्न चौकोनाचा. ग्रिडचा एक चौकोन साधारण 27 किलोमीटरचा, म्हणजे आमच्याकडची काही महसूल मंडळं एकातच येतात. पंचनाम्याच्या वेळी मात्र मंडळाचा आकडा बघतात: 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 74 च्या आसपास होता. पर्जन्यमापक एका गावात आणि पाऊस शेजारच्या शिवारात, असं झालं तर सरासरीत तो पाऊस दिसतच नाही. ज्याचं रान वाहून गेलं त्याच्या हाती मग काय लागणार? रडार, उपग्रह आणि मंडळातली यंत्रं यांचा डेटा एकत्र आणून मंडळाच्या पातळीवर टोकाच्या पावसाचा अंदाज करायचा, हे काम मला करायचंय.

आता वाटा. पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) किंवा आयआयटी मुंबईत हवामानबदलावर पीएच.डी. करावी, हे पहिल्यापासून मनात आहे. आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा 2017 चा शोधनिबंध (मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या) वाचूनच मी या विषयाकडे ओढली गेले. अडचण अशी की माझी नेट या पात्रता परीक्षेची तयारी गणितीय विज्ञानाची आहे. तेवढ्यावर भागतं का, की पृथ्वी-वातावरण-सागर विज्ञानाचा पेपर नव्यानं द्यावा लागतो? जेआरएफचे (संशोधन शिष्यवृत्तीचे) महिन्याला 37,000 आणि घरभाडं यात माझं भागेल, पण धाकट्या भावाचं शिक्षण चालू आहे. पैसे महिन्याच्या महिन्याला येतात का, हे अनुभवी लोकांनी मोकळेपणानं सांगावं.

आधी प्रोजेक्ट असोसिएटची (संशोधन प्रकल्पावरची तात्पुरती) जागा धरून हात बसवावा, असं एक मैत्रीण म्हणते. मला ते पटतंय. पण तिथे डेटा उतरवून नकाशे काढून देण्यातच दोन वर्षं जातात की स्वतःच्या नावानं पेपर लिहायला मिळतो?

विम्याची वाटही दिसते. पुनर्विमा कंपन्यांना (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) कॅट मॉडेलिंग, म्हणजे आपत्तीतल्या नुकसानीचा अंदाज, करणारे लोक लागतात. आपल्याकडच्या हवामानावर आधारित फळपीक विम्यातले ट्रिगर (हवामानाची कोणती मर्यादा ओलांडली की भरपाई द्यायची ते) ठरवणं हेही शेवटी टोकाच्या मूल्यांचंच संख्याशास्त्र. पगार चांगला असणार. पण तिथलं काम कंपनीच्या बाहेर येत नाही, आणि माझं काम गावापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं. या क्षेत्रातून परत संशोधनात आलेलं कोणी इथे आहे का?

परदेशाचं म्हणाल तर इटलीत त्रिएस्तेच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्र संस्थेचा अर्थ सिस्टिम फिजिक्सचा (पृथ्वी प्रणालीच्या भौतिकशास्त्राचा) एक वर्षाचा डिप्लोमा आहे, शिष्यवृत्तीसकट. एक वर्ष घरचे सोडतील. तो केलेल्या कोणी सांगावं, बिगर-भौतिकशास्त्रवाल्याचा तिथे निभाव लागतो का? टोकाच्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती हे तपासणाऱ्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशनच्या गटानं 2024 च्या वायनाड दरडीनंतर थोड्याच दिवसांत काढलेला निष्कर्ष (तो पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे 10 टक्के जास्त पडला) वाचल्यापासून तशा कामाची ओढ लागली आहे. असं काम भारतात कुठे नियमित चालतं?

वातावरणाचं गतिशास्त्र मी औपचारिक शिकलेले नाही. पायथन आणि आर या प्रोग्रामिंगच्या भाषा चांगल्या येतात, पायथनमधलं एक्सॲरे रोज वापरते, ईआरए5 हा जागतिक हवामानाचा डेटा हाताळलाय. मुलाखतीत मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर वगैरे किती खोलात विचारतात, आणि कुठल्या धड्यांपासून सुरुवात करू, हे सांगितलंत तर पुढच्या जाहिरातीपर्यंत तयारी करता येईल. शनिवार-रविवारी मी पुण्यात मोकळी असते. कोणी अर्धा तास भेटणार असेल तर प्रकल्पाचा कोड आणि आलेख घेऊन येईन, कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.